वाचकांचे प्रश्न : कादंबरीतील नायिका आणि तिचे स्वातंत्र्य

स्त्रीजीवनावरील मराठी कादंबऱ्यांविषयी गेल्या अंकात जे छोटे टिपण आले होते, त्यात एक विधान होते : मराठी कादंबरीची नायिका स्वतंत्र विचार फार लवकर करू लागली, परंतु त्या विचारांप्रमाणे जगण्याची मुभा लेखकांनी तिला फार उशिरा दिली. या विधानावर बरीच पत्रे आली. काहींना ते पटले नाही, काहींनी पुरावा मागितला, तर काहींनी वेगळेच आणि अधिक अडचणीचे प्रश्न विचारले. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मराठी कादंबरीतील पहिली स्वतंत्र वृत्तीची नायिका कोणती मानावी? अभ्यासक्रमात आरंभी बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’चा उल्लेख येतो. त्यातील यमुनेला हा मान देता येईल काय? (एक निवृत्त शिक्षिका, नाशिक)

मान देण्यापूर्वी ती कादंबरी कोणत्या हेतूने लिहिली गेली, हे पाहावे लागेल. ‘यमुनापर्यटन’ 1857 साली प्रसिद्ध झाली, म्हणजे हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाल्यानंतर अवघ्या वर्षभरात. पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि विधवांच्या हालांचे चित्र रंगवून धर्माचा आणि सुधारणेचा उपदेश करावा, हा त्यांचा उघड हेतू होता. यमुना पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या पाहते आणि ऐकते, पुढे स्वतः विधवा होते आणि अखेरीस ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. तिला डोळे आहेत, विवेक आहे आणि त्या काळाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतका निर्णयाचा ठामपणाही आहे. तरीही तिच्या मनात काही घडते आहे, एका समजुतीतून ती दुसऱ्या समजुतीकडे धडपडत जाते आहे, असे वाचताना जाणवत नाही. ती पहिल्या पानावर जितकी शहाणी आहे, तितकीच शेवटच्या पानावर आहे. आपला प्रश्न स्वातंत्र्याकडे होणाऱ्या वाढीविषयी असेल, तर ही यमुना साक्षीदार ठरते; वाढणारी नायिका म्हणून तिच्याकडे पाहता येत नाही.

ती वाढ प्रथम दिसते हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत. ‘करमणूक’ साप्ताहिकात 1890 पासून ती क्रमशः येऊ लागली. येथे यमू स्वतःची कथा स्वतः सांगते. लहानपणी भावाबरोबर खेळणारी, मुलगी म्हणून टोचून बोलले तर हिरमुसणारी, सासरी गेल्यावर धास्तावलेली यमू नवऱ्याच्या प्रोत्साहनाने वाचायला शिकते, मुंबईस बिऱ्हाड झाल्यावर मोकळा श्वास घेते आणि ज्या गोष्टी तिला आजवर नैसर्गिक वाटत होत्या, त्या माणसांनीच रचलेल्या आहेत हे तिला हळूहळू उमगते. हे उमगणे कादंबरीच्या शेकडो पानांत इतक्या बारकाईने पसरलेले आहे की, यमू नेमकी कोणत्या प्रकरणात बदलली, असे बोट ठेवून दाखवता येत नाही. मग पती वारतो, आणि ज्या घराच्या तावडीतून ती सुटली असे वाटत होते, ते घर पुन्हा तिचा कब्जा घेते. शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचे केशवपन होते, तो भाग आजही एका बैठकीत वाचवत नाही. शेवटी यमू मरते.

म्हणजे मन स्वतंत्र झाले आणि देह घरच्यांच्या ताब्यात राहिला. तरीही माझ्या मते पहिला मान हिलाच द्यावा, कारण मराठी कादंबरीत बाईने ‘मी’ म्हणून आपले आयुष्य उलगडून पाहण्याची सुरुवात हिच्यापासून झाली. तो ‘मी’ एका पुरुषाने लिहिला, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही. तिच्याकडे पुढे वळूच.

प्रश्न : कादंबऱ्यांनी स्त्रियांना धीर दिला, की धीट स्त्रिया पाहून कादंबऱ्या लिहिल्या गेल्या? (एक वाचक, सातारा)

निदान एकोणिसाव्या शतकापुरते उत्तर स्पष्ट आहे : खऱ्या स्त्रिया कादंबरीच्या पुष्कळ पुढे होत्या. यमूची कथा वाचकांच्या हाती पडू लागली त्यापूर्वीच, 1886 साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या होत्या. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले होते. आणि रखमाबाईंचा खटला तर घरोघरी चर्चेचा विषय झाला होता. लहानपणी झालेल्या लग्नाच्या आधारावर दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये दावा लावला. पतीकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोग, असा निकाल 1887 मध्ये लागला, तेव्हा कैद पत्करीन पण नांदायला जाणार नाही, असे रखमाबाईंनी सांगितले. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोट येथे अनेक वर्षे काम केले. अशी नायिका त्या वेळच्या कोणा कादंबरीकाराने रंगवली असती, तर ती असंभाव्य म्हणून टीकाकारांनी हसण्यावारी नेली असती.

हरिभाऊंना ही उदाहरणे ठाऊक नसतील असे नाही. त्यांना अपवादाची कथा सांगायची नव्हती. जिला रखमाबाईंसारखे पाठबळ मिळाले नाही, जिचे नाव वर्तमानपत्रात कधी आले नाही, अशा सामान्य घरातल्या मुलीचे काय होते, ते त्यांना दाखवायचे होते. कादंबरी मागे राहिली याचे हे सन्मान्य कारण झाले. पण दुसरेही एक कारण होते. मासिके आणि साप्ताहिके कुटुंबात वाचली जात, वर्गणी घरातला कर्ता पुरुष भरत असे आणि बंडखोर नायिका यशस्वी झालेली दाखवणे लेखकाला परवडणारे नव्हते. तिचे हाल दाखवले तर डोळ्यांत पाणी येई; ती सुखी झालेली दाखवली असती तर वर्गणी बंद होण्याचे भय होते. हा माझा तर्क आहे, परंतु त्या काळातील कादंबऱ्यांचे शेवट एकापाठोपाठ एक वाचले की तो टाळता येत नाही.

प्रश्न : मी एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी हा विषय घेतला आहे. ‘नायिका घर सोडते’ हा स्वातंत्र्याचा निकष मी धरला होता. माझे मार्गदर्शक म्हणतात की, ती कमावते की नाही एवढेच पाहा. कोणते बरोबर? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

आपल्या मार्गदर्शकांचा निकष आपल्यापेक्षा चांगला आहे, पण तोही एका काळापुरताच उपयोगी पडतो. 1930 ते 1942 हा जो काळ आहे, तो आपल्या प्रबंधिकेचा गाभा ठरावा, कारण घर सोडणे, कमावणे आणि विवाहाविषयी स्वतः निर्णय घेणे हे तिन्ही धागे त्या बारा वर्षांत एकत्र येतात.

1930 मध्येच दोन महत्त्वाच्या कादंबऱ्या आल्या. वामन मल्हार जोशी यांच्या ‘सुशीलेचा देव’मध्ये नायिकेची वाढ तिच्या ईश्वरकल्पनेतून मोजलेली आहे. बालपणीच्या साध्यासुध्या देवापासून सुरू झालेला तिचा शोध संसाराच्या आणि विचारांच्या अनेक टप्प्यांतून जातो आणि जगण्यातील मूल्यांपाशी पोहोचतो. मराठीत एका बाईच्या बुद्धीचा प्रवास हाच कादंबरीचा विषय होऊ शकतो, हे या पुस्तकाने सिद्ध केले. वादसंवाद पुष्कळ आहेत आणि पात्रे कधीकधी व्याख्यान देऊ लागतात, हे खरे. पण ते व्याख्यान बाई देते आणि पुरुष ऐकतात, हे नवे होते. श्री. व्यं. केतकर यांची ‘ब्राह्मणकन्या’ याच वर्षीची. ज्ञानकोशकारांनी ही कादंबरी समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने लिहिली. कालिंदी डग्गे हिच्या आईच्या कुळात एक जुना कलंक समाजाने चिकटवून ठेवलेला असल्यामुळे तिला ब्राह्मण समाजात मानाचे स्थान नाही. ती शिवशरणप्पा या व्यापाऱ्याबरोबर विवाहावाचून राहते, तिला मूल होते, तो तिला सोडतो आणि पुढे कामगार चळवळीतील रामरावांशी तिचा विवाह होतो. या नायिकेला लेखकाने मारले नाही, वेडी केले नाही, आश्रमात पाठवले नाही. 1930 सालच्या मानाने ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या निकषाने कालिंदी उत्तीर्ण होते, मार्गदर्शकांच्या निकषाने मात्र तिच्याविषयी वाद होईल.

मार्गदर्शकांचा निकष खऱ्या अर्थाने लागू पडतो तो विभावरी शिरूरकर यांना. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. हे कोणी लिहिले, बाईने की पुरुषाने, यावर तर्कवितर्क झाले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, वय वाढत चाललेल्या मुलींच्या मनात काय चालते, हे त्या कथांनी उघड्यावर आणले होते. त्यांतील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा आपण अवश्य वाचावी. मुलीच्या पगारावर वडिलांचा वाढता संसार चालतो आणि तिच्या स्वतःच्या संसाराचा विषय कोणी काढीत नाही. कमाई आली आणि स्वातंत्र्य आले नाही, हे येथे इतक्या आरंभी सांगितलेले आहे की ‘कमावते म्हणजे स्वतंत्र’ हे समीकरण मांडण्यापूर्वी कोणीही थबकावे.

त्यानंतर 1934 ची ‘हिंदोळ्यावर’. अचला ही पतीपासून वेगळी राहणारी स्त्री. विराग या पुरुषावर तिचे प्रेम आहे, आणि विवाहाशिवाय त्याच्याबरोबर राहण्याचा व मूल होऊ देण्याचा निर्णय ती घेते. आजच्या वाचकाला हा निर्णय केवळ धाडसाचा वाटेल. त्याची दुसरी बाजू कायद्याची आहे, आणि ती प्रबंधिकेत यायलाच हवी. त्या वेळी मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग सर्वसाधारणपणे उपलब्ध नव्हता. बडोदे संस्थानाने 1931 मध्ये तसा कायदा केला होता. मुंबई प्रांतात तो 1947 मध्ये आला आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा झाला तो 1955 मध्ये. पती दुसरे लग्न करू शकत होता, पत्नी पहिल्यातून सुटू शकत नव्हती. म्हणून अचलेपुढे ‘विवाह की सहजीवन’ असा पर्यायच नाही. जन्मभर एकटे राहायचे किंवा समाजाने ज्याला व्यभिचार म्हटले असते ते पत्करायचे, एवढ्याच दोन वाटा आहेत. तिने मूल हवे म्हणणे, आणि ते लपवून न ठेवता हवे म्हणणे, ही मराठी कादंबरीतील मोठी घटना आहे, कारण तोवर विवाहबाह्य मातृत्व नायिकेवर ओढवत असे. येथे ते ती मागून घेते.

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थांशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि पुण्याच्या कन्याशाळेत त्यांनी काम केले होते, म्हणजे ज्या मुलींविषयी त्या लिहीत होत्या त्या रोज त्यांच्या समोर बसत असत. टोपणनाव का घ्यावे लागले, याचे उत्तर यातच आहे.

आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, दोन्ही निकष ठेवा आणि तिसरा जोडा : कादंबरी संपताना निर्णय कोणाच्या हाती आहे, ते पाहा. पुष्कळ कादंबऱ्यांत नायिका घर सोडते, पगार मिळवते आणि शेवटच्या वीसपंचवीस पानांत एखादा समंजस पुरुष येऊन तिचा प्रश्न सोडवतो.

प्रश्न : पुरुष लेखकांनी रंगवलेल्या या नायिका खऱ्या मानाव्यात काय? (एक वाचक, डोंबिवली)

मानाव्यात, परंतु त्यांच्यातील फरक ओळखून. हरिभाऊंच्या यमूविषयी करुणा आहे, वामन मल्हारांच्या सुशीलेविषयी आदर आहे, केतकरांना कालिंदीविषयी कुतूहल आहे, तर मामा वरेरकरांच्या ‘गोदू गोखले’मध्ये नायिकेच्या धिटाईचे कौतुक ओसंडून वाहते. या चारही दृष्टींत लेखक नायिकेच्या थोडा बाहेर उभा आहे. पु. शि. रेगे यांची 1962 ची ‘सावित्री’ मला वेगळी वाटते. केवळ सावित्रीच्या पत्रांतून ती उलगडते. ज्याला ती लिहिते त्याची उत्तरे आपल्याला कधीच वाचायला मिळत नाहीत. त्यामुळे तिला दुरुस्त करणारा, समजावणारा किंवा शाबासकी देणारा आवाजच पुस्तकात उरत नाही. वास्तवाच्या दृष्टीने ही नायिका जरा हवेत तरंगते, हा आक्षेप मला मान्य आहे. पोटापाण्याची चिंता तिला शिवत नाही.

प्रश्न : गीता साने यांचा उल्लेख आपल्या टिपणात नव्हता. विदर्भातील लेखिका म्हणून त्या राहून गेल्या काय? (एक वाचक, अमरावती)

टिपण लहान होते, म्हणून अनेक नावे राहिली. तरी आपला आक्षेप रास्त आहे, कारण त्यांचे नाव वगळून हा विषय पुरा होत नाही. वाशिम येथे 1907 साली जन्मलेल्या, विज्ञान शिकलेल्या आणि डाव्या विचारांकडे झुकलेल्या गीताबाईंनी 1936 मध्ये ‘निखळलेली हिरकणी’ लिहिली आणि पुढील सहासात वर्षांत ‘वठलेला वृक्ष’, ‘हिरवळीखाली’, ‘लतिका’, ‘फेरीवाला’, ‘माळरानात’, ‘धुके आणि दंव’ अशा कादंबऱ्या झपाट्याने दिल्या. विभावरी शिरूरकरांची नायिका मनात झुलते, दोन्ही बाजू तोलते. गीताबाईंची नायिका तडजोडीचे दार स्वतःच लावून घेते. विवाहसंस्था थोडी दुरुस्त केली की भागेल, असे त्यांना वाटत नव्हते. नवऱ्याने पश्चात्ताप केला, डोळ्यांत पाणी आणले, तरी त्यांच्या लेखी हिशेब मिटत नाही. काही ठिकाणी या कादंबऱ्या प्रचारकी होतात आणि संवादांना धार असली तरी माणसे सपाट राहतात. परंतु त्या मागे पडल्या याचे कारण केवळ कलात्मक उणिवा नसावे. त्याच दशकातल्या तितक्याच प्रचारकी पुरुषी कादंबऱ्या अभ्यासक्रमांत पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. गीताबाई नंतर वैचारिक लेखनाकडे वळल्या, ‘भारतीय स्त्रीजीवन’ हा त्यांचा ग्रंथ त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे, आणि ज्यांना कादंबऱ्या मिळत नाहीत त्यांनी निदान तो शोधावा.

प्रश्न : गौरी देशपांडे यांच्या नायिका परदेशात राहतात, इंग्रजी पुस्तके वाचतात, पैशाची विवंचना त्यांना नाही. अशा स्त्रियांचे स्वातंत्र्य आमच्या काय कामाचे? मी बँकेत चाकरी करते, दोन मुले आहेत, सासूबाई आजारी असतात. (एक वाचक, ठाणे)

आपल्या पत्रातला राग मला समजतो आणि तो अनाठायी नाही. ‘एकेक पान गळावया’ (1980), ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ (1985), ‘निरगाठी आणि चंद्रिके ग सारिके ग’ (1987), ‘दुस्तर हा घाट आणि थांग’ (1989) या पुस्तकांतील स्त्रिया ज्या घरांत वावरतात, तेथे भाजीचा भाव कोणी विचारीत नाही. ही मर्यादा आहेच. तरीही मी आपल्याला विनंती करीन की, या नायिकांना ‘सुखवस्तू’ म्हणून बाजूला सारण्याआधी गौरीबाईंनी प्रश्न कोणता विचारला आहे, तेवढे पाहावे.

त्यांच्याआधीच्या बहुतेक कादंबऱ्यांत अडथळा बाहेर होता. सासू छळते, नवरा दारुडा आहे, कायदा आड येतो, पैसा नाही. गौरीबाईंनी हे सारे अडथळे मुद्दाम बाजूला केले. नवरा समंजस आहे, शिक्षण आहे, प्रवास आहे, पैसा आहे. आता सांगा, ही बाई मोकळी झाली काय? आणि त्यांचे प्रामाणिक उत्तर असे की, नाही, पुरती झाली नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या मनाप्रमाणे आपण नकळत आकार घेत जातो, आणि ही मोड आपल्यातच इतकी खोल गेलेली आहे की ती काढायला बाहेर कोणी शत्रू सापडत नाही. त्यांच्या नायिका बहुधा वयाच्या मध्यावर आहेत, मुले मोठी होत आली आहेत, आणि याच वयात त्या स्वतःकडे पहिल्यांदा नीट पाहतात. मराठी कादंबरीत चाळिशीच्या बाईला तोवर आई किंवा सासू यांखेरीज फारसे कामच नव्हते. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा त्या पुस्तकांचे ऋण मानावे लागेल. महर्षी कर्व्यांची नात आणि इरावतीबाईंची मुलगी असलेल्या लेखिकेने स्वातंत्र्याचा वारसा मिळाल्यानंतरचे प्रश्न विचारावेत, हे स्वाभाविकही होते.

पण आपल्याला हवी आहे ती नायिका दुसरीकडे आहे. शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ आपण वाचली नसेल तर याच महिन्यात मिळवा. मुंबईत कचेरीत काम करणारी रीटा ही चार बहिणींतली थोरली. आईवडिलांना साहेबी थाटाची हौस आणि घर चालते ते रीटाच्या पगारावर. वरिष्ठ पदावरच्या विवाहित साळवींशी वर्षानुवर्षांचे संबंध आहेत, पण त्यांतूनही तिच्या वाट्याला उरलेला वेळच येतो. सगळ्यांची सोय पाहता पाहता तिचे मन कोसळते, ती रुग्णालयात दाखल होते, आणि तेथून तिची खरी वाढ सुरू होते. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या 1933 सालच्या प्रश्नानंतर अर्धे शतक उलटून गेले, तरी रीटा त्याच प्रश्नात अडकलेली आहे. फरक असा की, विभावरीबाईंच्या कथेतल्या मुलीला निःश्वास टाकूनच थांबावे लागले, आणि रीटा आजारातून उठून एकेक ओझे उतरवत जाते. त्या कामी तिला पुरुषाचा आधार मिळत नाही; सरस्वती या मैत्रिणीचा मिळतो. मैत्रिणीच्या आधाराने सावरणारी नायिका आपल्याकडे विरळ आहे. रेणुका शहाणे यांनी 2009 मध्ये या कादंबरीवर ‘रीटा’ हा चित्रपट केला, तो पाहून थांबू नका. कादंबरीत रीटाच्या मनात ज्या गोष्टी उलटसुलट फिरतात, त्या पडद्यावर मावणाऱ्या नाहीत.

आपल्या बँकेतल्या नोकरीविषयी मी उपदेश करणार नाही. पगाराच्या खात्यावर सही कोणाची चालते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

प्रश्न : आतापर्यंत आपण ज्यांची नावे घेतलीत त्या बहुतेक साऱ्या पांढरपेशा स्त्रिया. आमच्या आज्या-पणज्या गिरणीत आणि विडीच्या कारखान्यात राबल्या. त्या कादंबरीत कुठे आहेत? (एक वाचक, सोलापूर)

हा प्रश्न सर्वांत कठीण आहे, आणि त्यामुळे वरच्या काही उत्तरांनाही धक्का बसतो. उंबरठा ओलांडणे आणि कमावणे या दोन खुणांनी आपण स्वातंत्र्य मोजत आलो. जी बाई पहाटेपासून बाहेरच राबते आणि जिच्या मजुरीवाचून चूल पेटत नाही, तिच्या बाबतीत या दोन्ही खुणा निरर्थक ठरतात. ती बाहेर आहे, ती कमावते आहे, आणि तरी ती मोकळी नाही.

कादंबरीने तिच्याकडे पाहिले ते तुरळक. मालतीबाई बेडेकर 1937 नंतर आपल्या सोलापुरातच, ज्यांना सरकारने गुन्हेगार जमाती म्हणून तारेच्या कुंपणात कोंडले होते, त्यांच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम करीत होत्या, आणि त्या अनुभवातून 1950 मध्ये त्यांची ‘बळी’ ही कादंबरी आली. ज्यांना त्या केवळ मध्यमवर्गीय कुमारिकांच्या लेखिका वाटतात, त्यांनी ती वाचावी. अण्णाभाऊ साठे यांनी ‘वैजयंता’मध्ये तमाशातल्या कलावतीला नायिकेचे स्थान दिले. तिचा झगडा आपल्या कलेवर आणि देहावर इतरांनी सांगितलेल्या हक्काशी आहे. बाबुराव बागूल यांच्या ‘सूड’ या 1970 च्या लघुकादंबरीतील जानकी तर त्याहून पुढे जाते. बाईपण म्हणून जे काही तिच्यावर लादले गेले, तेच ती फेकून देऊ पाहते. पांढरपेशा नायिका विवाहाविषयी जो युक्तिवाद करते, तो जानकीच्या दुनियेत पोरकट वाटू लागतो, इतकी ती गोष्ट प्रखर आहे.

खरे सांगायचे तर दलित आणि कष्टकरी स्त्रीच्या वाढीची कथा मराठीत कादंबरीपेक्षा आत्मकथनांनी अधिक समर्थपणे सांगितली. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’, शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ ही तीन पुस्तके समोर ठेवली, तर त्या तोडीची कादंबरी दाखवणे मला अवघड जाईल. त्यांत स्वातंत्र्य एकटीचे येत नाही. ते वस्तीबरोबर, आंबेडकरी चळवळीबरोबर, शाळेच्या पाटीबरोबर येते, आणि बाहेरच्या जातीच्या जुलमाबरोबर घरातल्या पुरुषाशीही हिशेब करावा लागतो. कादंबरीला बहुधा एक नायिका लागते, आणि येथे नायिका समूहातून वेगळी काढताच तिच्या स्वातंत्र्याचे मूळच तुटते. कदाचित म्हणूनच हा साहित्यप्रकार मागे राहिला असावा.

अलीकडच्यांपैकी कविता महाजन यांची ‘ब्र’ (2005) या अडचणीशी झुंजते. नवऱ्यापासून वेगळी झालेली प्रफुल्ला एका स्वयंसेवी संस्थेच्या कामानिमित्त आदिवासी भागात हिंडते आणि सरपंच झालेल्या स्त्रियांना भेटते. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या गेल्यावर ज्या बायका खुर्चीवर बसल्या, त्यांना सही कुठे करायची हे नवरा सांगतो, अविश्वासाचा ठराव येतो, धमक्या येतात, आणि त्यांतल्या काही मात्र पाय रोवून उभ्या राहतात. प्रफुल्ला त्यांना काही शिकवायला जाते आणि स्वतःच शिकत जाते. शहरी नायिकेची वाढ तिच्याहून अधिक सोसलेल्या स्त्रियांच्या संगतीत होते, ही रचना मराठीत नवी होती. संस्थांच्या कारभाराविषयी कादंबरीत जे लिहिले आहे, तेही वाचण्यासारखे आहे; तेथे कोणाचीच गय केलेली नाही.

प्रश्न : आमच्या महिला वाचक मंडळात या विषयावर वर्षभर वाचन करावयाचे ठरले आहे. सभासद तीस ते पंचाहत्तर वयाच्या आहेत. कोठून सुरुवात करावी? (एक वाचक मंडळ, मडगाव)

कालक्रमाने वाचू नका. आरंभीच्या पुस्तकांची भाषा जुनी आहे आणि तरुण सभासद दुसऱ्या बैठकीपासून गळू लागतील. ‘रीटा वेलिणकर’पासून सुरू करा, मग ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा आणि ‘हिंदोळ्यावर’ अशी जोडी घ्या. त्यानंतर यमूकडे मागे जा. तोपर्यंत मंडळाचा कान तयार झालेला असेल. कमल देसाई यांची ‘हॅट घालणारी बाई’ चर्चेला उत्तम, पण मंडळ जुळल्यावरच घ्या, कारण ती दोनदा वाचल्यावाचून हाती लागत नाही. आशा बगे यांच्या ‘भूमी’ला 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे, आणि मोठ्या आवाजाच्या बंडाशिवायही बाई आपली जागा कशी घडवते हे त्यात दिसते, म्हणून मंडळातल्या ज्येष्ठ सभासदांना ती जवळची वाटेल. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ घेताना मात्र आधीच सांगून ठेवा की भाषा मोकळीढाकळी आहे. न सांगता दिली तर अर्धी बैठक त्यावरच खर्च होईल.

‘ब्र’ शेवटच्या महिन्यांत ठेवा. तोवर आपल्यापैकी कोणी पंचायतीत किंवा पालिकेत काम केलेली बाई ओळखीची निघाली, तर तिला त्या बैठकीस बोलवावे, आणि पुस्तकाविषयी बोलण्याआधी तिला बोलू द्यावे.